‘अर्जेंटिना’ या देशनामाची चिकित्सा

दक्षिण अमेरिकेंतील अर्जेंटिना या देशाच्या नांवाविषयीं आपल्याकडे दोन विधानें सर्रास केलीं जातात. पहिलें असें कीं, त्या देशांत चांदी विपुल म्हणून त्यास ‘रौप्यभूमि’ या अर्थाचें हें नांव पडलें. दुसरें असें कीं, १८१६ सालीं ‘अर्जेंटिना’ स्वतंत्र झाला. प्रस्तुत लेखकानें शाळेंत तीस वर्षांहून अधिक काळ हीं दोन्ही विधानें मुलांकडून पाठ करून घेतलीं आहेत व परीक्षेंत त्यांस पुरे गुणही दिले आहेत. सेवानिवृत्तीनंतर त्या देशाच्या राज्यघटनेचें ३५ वें कलम वाचण्याचा योग आला, आणि दोन्ही विधानें जशीं सांगितलीं जातात तशीं टिकत नाहींत हें लक्षांत आलें. तेव्हां हा लेख कांहीं अंशीं प्रायश्चित्तादाखल लिहिला आहे असें वाचकांनीं समजावें.

प्रथम त्या कलमाचा आशय सांगतों. १८१० पासून आजवर क्रमानें स्वीकारण्यांत आलेलीं नांवें, म्हणजे ‘रिओ दे ला प्लाताचे संयुक्त प्रांत’, ‘अर्जेंटिना प्रजासत्ताक’ व ‘अर्जेंटिना संघ’, हीं यापुढें सरकार आणि प्रांतांचा प्रदेश यांच्या निर्देशासाठीं कोणताही भेद न करितां अधिकृत समजावीं; मात्र कायदे रचतांना व संमत करितांना ‘अर्जेंटिना राष्ट्र’ हे शब्द योजावे. मूळच्या १८५३ च्या घटनेंत हें कलम नव्हतें. १८६० च्या दुरुस्तीनें तें आंत आलें, आणि १९९४ सालीं घटनेंत मोठे फेरफार झाले तरी तें कायम राहिलें. म्हणजे त्या देशाला आजही कायद्यानें तीन नांवें आहेत, आणि चौथें एका विशिष्ट कामापुरतें राखून ठेवलेलें आहे.

व्याकरण शिकलेल्या माणसास या कलमाची रचना ओळखीची वाटेल. एका अर्थीं दोन किंवा अधिक रूपें तुल्यबल असलीं म्हणजे वैयाकरण त्यास विकल्प म्हणतात. आणि तोच विकल्प अमुक विषयांत अमुकच रूप असा बांधून टाकला म्हणजे ती व्यवस्थितविभाषा होते. सान्ता फे येथें जमलेल्या त्या दुरुस्तीकारांस पाणिनीचें नांवही ठाऊक असण्याचें कारण नाहीं, परंतु पहिल्या तीन नांवांत त्यांनीं शुद्ध विकल्प ठेवला व चौथ्यांत व्यवस्था लाविली. एवढ्यापुरतें कलम निर्दोष आहे. दोष आहे तो ‘क्रमानें स्वीकारण्यांत आलेलीं’ या शब्दांत. कारण हें विधिवाक्य नसून इतिहासाविषयींचें विधान आहे, आणि कायद्यानें केलेलें इतिहासविधान इतर कोणत्याही विधानाप्रमाणें पुराव्यावर तपासलेंच पाहिजे.

तपासणीस मुळापासून आरंभ केला पाहिजे. १५१६ सालीं हुआन दीआस दे सोलीस हा स्पेनचा नाविक त्या विस्तीर्ण खाडीत शिरला आणि पाणी गोडें पाहून त्यानें तिला ‘गोड समुद्र’ म्हटलें. तेथेंच तो मारला गेला. दहा वर्षांनंतर सेबास्तियन कॅबट नदीनें वर गेला. त्याच्या लोकांस किनाऱ्यावरील रहिवाशांकडे चांदीचे कांहीं जिन्नस दिसले, आणि वर कोठें तरी रौप्यपर्वत असावा या आशेनें नदीस ‘रिओ दे ला प्लाता’, म्हणजे चांदीची नदी, हें नांव चिकटलें. ती चांदी त्या नदीची नव्हती. ती पश्चिमेकडील पर्वतांतून, इंका राजांच्या मुलखांतून, देवघेवीनें खालीं उतरलेली होती. पुढें १५४५ सालीं पोतोसी येथें खरोखरच चांदीचा डोंगर सांपडला, परंतु पोतोसी आज बोलिव्हियांत आहे. न्यायशास्त्रांत लक्षणाचे अव्याप्ति, अतिव्याप्ति व असंभव असे तीन दोष सांगतात. नदीकांठच्या भूमीस ‘चांदीची’ म्हणणें हा सरळसरळ तिसरा दोष होय. नांव योगानें खरें नाहीं, केवळ रूढीनें खरें आहे. मंडप या शब्दाचा ‘मंड पिणारा’ असा अवयवार्थ असला तरी मंडप कांहीं पीत नाहीं, तसेंच हें.

येथें शब्दांची थोडी मौज सांगितल्यावांचून राहवत नाहीं. स्पॅनिश भाषेंत चांदीस ‘प्लाता’ म्हणतात. हा शब्द मूळचा चांदीचा नव्हे. ‘चपटा पत्रा’ या अर्थाच्या लोकभाषेंतील लॅटिन शब्दापासून तो आला, आणि त्याच्या मुळाशीं असलेला ‘विस्तृत’ या अर्थाचा ग्रीक शब्द आपल्या ‘पृथु’चा सोदर आहे. लॅटिनांतील चांदीचा खरा शब्द ‘आर्जेन्तुम्’. हा संस्कृतांतील ‘रजत’ शब्दाच्या कुळांतला, आणि पांढरा या अर्थाचा ‘अर्जुन’ही त्याच घरचा. तेव्हां एकाच देशाच्या दोन नांवांपैकीं एकांत पृथु आहे व दुसऱ्यांत रजत आहे. तैत्तिरीय संहितेंत रुद्राच्या अश्रूपासून रजत उत्पन्न झालें व म्हणून तें यज्ञांत दक्षिणा देऊं नये असें सांगितलें आहे. पोतोसीच्या खाणींत वेठीनें राबविलेल्या लोकांची हकीकत ज्यांनीं वाचली असेल त्यांस ही श्रुति आठवल्यावांचून राहणार नाहीं. असो.

‘प्लाता’चें ‘आर्जेन्तुम्’ कोणी केलें? ग्रंथनामाच्या रूपानें हा शब्द रूढ करण्याचें श्रेय मार्टिन देल बार्को सेंतेनेरा या पाद्र्याकडे जातें. १५७२ सालीं स्पेनहून निघालेल्या ओर्तिस दे सारातेच्या तांड्याबरोबर तो तिकडे गेला आणि परत आल्यावर त्यानें त्या मुलखाच्या विजयावर एक दीर्घ पद्यग्रंथ रचला. तो १६०२ सालीं लिस्बन येथें छापला गेला, व त्याच्या नांवाचा पहिलाच शब्द ‘अर्जेंटिना’ हा आहे. काव्य म्हणून हा ग्रंथ मध्यम प्रतीचाच होय. एर्सिल्यानें चिलीच्या युद्धावर लिहिलेल्या ‘आराउकाना’चा कित्ता त्यानें पुढें ठेवला; परंतु एर्सिल्याच्या ठायीं असलेला शत्रूविषयींचा आदर व वर्णनाचा आवेश याच्याजवळ नाहीं. नदीचें व्यावहारिक नांव पद्यांत रुक्ष वाटलें म्हणून त्यानें तें लॅटिनच्या भट्टींत घालून उजळलें, एवढेंच. आपल्याकडील कवींनींही गांवांचीं देशी नांवें संस्कृत करून घेण्याचा हाच उद्योग केलेला आहे. ग्रंथ मागें पडला, शब्द मात्र राहिला. दहा वर्षांनीं रुइ दीआस दे गुस्मान यानें लिहिलेली गद्य बखरही पुढें त्याच नांवानें ओळखली जाऊं लागली, आणि ती तर दोन शतकांहून अधिक काळ हस्तलिखितांतच पडून होती.

सरकारी दप्तरांत मात्र या काव्यशब्दास प्रवेश नव्हता. १७७६ सालीं स्पेनच्या राजानें जें नवें सुभेदारीचें राज्य निर्माण केलें तें ‘रिओ दे ला प्लाता’चेंच होतें, व त्यांत आजचे अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे व बोलिव्हिया या चारही देशांचा मुलूख येत होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘अर्जेंटिनो’ हें विशेषण पुन्हां दिसूं लागतें. १८०१ सालीं ब्वेनोस आयरेस येथें निघालेल्या पहिल्या वृत्तपत्रांत तें वारंवार येतें. परंतु त्याचा रोंख मुख्यतः ब्वेनोस आयरेस व त्याच्या आसपासच्या लोकांवर आहे. साल्ता किंवा कोर्दोबाच्या माणसास त्या वेळीं कोणी अर्जेंटिनो म्हटलें असतें, तर आपणांस बंदरवाल्यांत मोजलें म्हणून तो रागावला असता. म्हणजे आरंभीं या नांवांत अव्याप्ति होती, आणि ‘रिओ दे ला प्लाता’ या नांवांत अतिव्याप्ति.

२५ मे १८१० रोजीं ब्वेनोस आयरेस येथें सुभेदारास दूर सारून मंडळ स्थापन झालें तें नांवापुरतें राजा फेर्नान्दो याच्याच वतीनें. पुढच्या वर्षीं ‘संयुक्त प्रांत’ हे शब्द आले. १८१३ च्या सभेनें राष्ट्रगीत मान्य केलें, त्यांत ‘अर्जेंटिनो’ हें विशेषण आहे. त्याच वर्षीं पोतोसी कांहीं काळ देशभक्तांच्या हातीं असतां तेथील टांकसाळींत जीं नाणीं पाडलीं गेलीं, त्यांवर सूर्याची मुद्रा आणि ‘रिओ दे ला प्लाताचे प्रांत’ हीं अक्षरें आहेत. चांदीची नदी हें नांव खऱ्या चांदीच्या डोंगरावर उमटण्याचा हा प्रसंग १८१५ मध्यें पुन्हां एकदां आला व संपला. गंमत अशी कीं, तींच अक्षरें ला रिओहाच्या टांकसाळींतून रोसासच्या अमदानींतही कांहीं वर्षें निघत राहिलीं. नाण्यावरील अक्षरें राज्याच्या मागून चालतात हें आपणांस नवें नाहीं. शाह आलम बादशहा १८०६ सालीं वारला तरी इंग्रज कंपनी १८३५ पर्यंत त्याच्या नांवाचे रुपये पाडीत होती. म्हणून केवळ नाण्यांवरून नांवाचा काल ठरवूं जाणाऱ्यानें येथें सांभाळून राहावें.

आतां मुख्य मुद्दा. ९ जुलै १८१६ रोजीं तुकुमान येथील प्रतिनिधिसभेनें स्वातंत्र्य जाहीर केलें. कोणाचें? जाहीरनाम्यांतील शब्द ‘दक्षिण अमेरिकेंतील संयुक्त प्रांत’ असे आहेत. ‘अर्जेंटिना’ तेथें नाहीं, आणि ‘रिओ दे ला प्लाता’ही नाहीं. हा हातचुकीचा पाठ म्हणावा तर १८१९ च्या घटनेच्या मथळ्यावरही हेंच नांव आहे. या नांवाचा अर्थ सभेंत कोण बसलें होतें तें पाहिल्यावर उलगडतो. चार्कास, मिस्के इत्यादि उत्तरेकडील, म्हणजे आजच्या बोलिव्हियांतील, ठिकाणांचे प्रतिनिधि तेथें होते; उलट सान्ता फे, एन्त्रे रिओस व कोरिएन्तेस हे आजच्या अर्जेंटिनाचे प्रांत आर्तिगासच्या पक्षास मिळाल्यामुळें तेथें नव्हते, आणि पाराग्वे तर १८११ मध्येंच वेगळा झाला होता. जाहीरनाम्याच्या तीनच दिवस आधीं बेल्ग्रानोनें इंका वंशांतील कोणास तरी राजा करावें अशी सूचना मांडली होती. अशा सभेस नदीचें नांव अपुरें वाटलें असल्यास नवल नाहीं. तिनें हद्द उघडी ठेविली. कोण येऊन मिळेल तें मिळो.

हें नांव ३५ व्या कलमांत नाहीं. देशानें ज्या नांवानें स्वातंत्र्याचा उच्चार केला, तें नांव देशाच्या अधिकृत नांवांच्या यादींत नसावें, ही गोष्ट साधी नव्हे. येथें दोन समाधानें सुचतात. पहिलें समाधान असें कीं, यादी उपलक्षणार्थ आहे. ‘संयुक्त प्रांत’ हा भाग दोन्ही नांवांत समान असल्यामुळें एकाच्या ग्रहणानें दुसऱ्याचें ग्रहण होतें. परंतु कलमांत ‘म्हणजे’ या अर्थाचे शब्द घालून तीन नांवें मोजलीं आहेत, आणि मोजलेल्या यादीस परिगणन म्हणतात, उपलक्षण नव्हे. शिवाय दोन नांवांत जो भेद आहे तोच त्यांतील सार आहे. एक जुन्या सुभ्याची सीमा सांगतें, दुसरें सीमा सांगण्याचें नाकारतें. यांस पाठभेद म्हणणें म्हणजे ‘पुणें प्रांत’ आणि ‘भरतखंडांतील प्रांत’ यांस एक म्हणण्यासारखें आहे.

दुसरें समाधान अधिक वजनदार आहे. १८१९ ची घटना प्रांतांनीं झुगारली, १८२० मध्यें सेपेदाच्या लढाईनंतर मध्यवर्ती सत्ताच नाहींशी झाली, आणि १८२५ च्या इंग्रजांशीं झालेल्या तहांत पुन्हां ‘रिओ दे ला प्लाताचे संयुक्त प्रांत’ हेंच नांव आलें. तेव्हां मधलें नांव फसलेल्या घटनेबरोबर मेलें असें धरून दुरुस्तीकारांनीं तें गाळलें असावें. मला प्रथम हें पटलें होतें. परंतु हाच न्याय ‘अर्जेंटिना प्रजासत्ताक’ या नांवास लावून पाहा. तें घटनेच्या मथळ्यावर प्रथम आलें २४ डिसेंबर १८२६ रोजीं, रिवादावियाच्या कारकीर्दींत. आणि ती घटनाही प्रांतांनीं तशीच झुगारली, रिवादाविया १८२७ मध्यें पायउतार झाला, व मध्यवर्ती सत्ता पुन्हां मोडली. एक फसलेली घटना यादींत नांव देते आणि दुसरी फसलेली घटना, जिच्या पाठीशीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा उभा आहे ती, देत नाहीं. न्याय एक असता तर दोन्ही नांवें आंत आलीं असतीं किंवा दोन्ही बाहेर राहिलीं असतीं. म्हणून निवड इतिहासाच्या न्यायानें झालेली नाहीं, १८६० च्या गरजेनें झाली, असें मी म्हणतों.

ती गरज कोणती हें कळण्यास रोसासचा काळ पाहिला पाहिजे. हुआन मान्वेल दे रोसास हा कागदोपत्रीं ब्वेनोस आयरेस प्रांताचा केवळ गव्हर्नर होता. इतर प्रांतांनीं परराष्ट्रांशीं बोलण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलेलें होतें. १८३१ च्या प्रांतांमधील करारावर उभ्या असलेल्या या सैल जुळणीस ‘अर्जेंटिना संघ’ म्हणूं लागले, आणि सरकारी कागदांच्या माथ्यावर या संघाचा जयजयकार व एकतावाद्यांस रानटी म्हणून त्यांच्या मरणाची घोषणा छापली जाऊं लागली. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. ‘अर्जेंटिना’ हें विशेषण सर्व देशास प्रथम लाविलें तें एकतावाद्यांच्या घटनेनें; आणि तेंच विशेषण त्यांचा हाडवैरी उचलून आपल्या संघास लावितो. भांडण विशेष्यावर होतें, विशेषणावर नव्हतें. प्रजासत्ताक कीं संघ, यासाठीं माणसें मारलीं गेलीं. परंतु जें कांहीं आहे तें अर्जेंटिनी आहे याविषयीं दोन्ही पक्षांचें मत एक होत चाललें होतें, आणि तें कोणी मुद्दाम ठरविलेलें नव्हतें. या देशनामाच्या इतिहासांत मला याहून महत्त्वाचें दुसरें कांहीं दिसत नाहीं. पाठ्यपुस्तकांतील नांवांच्या सनावळ्या नेमकें हेंच झांकून टाकतात, कारण त्या विशेष्य बदललें कीं नांव बदललें असें धरून चालतात.

३ फेब्रुवारी १८५२ रोजीं कासेरोस येथें उर्किसानें रोसासचा पाडाव केला. त्याच वर्षीं पाराग्वेच्या स्वातंत्र्यास मान्यता देण्यांत आली, ती रोसासनें अखेरपर्यंत दिलेली नव्हती. १ मे १८५३ रोजीं सान्ता फे येथें ‘अर्जेंटिना संघा’ची घटना संमत झाली, परंतु ब्वेनोस आयरेस त्यांत नव्हतें. तें १८५२ च्या सप्टेंबरांतच फुटून निघालें होतें, व १८५४ मध्यें त्यानें आपली स्वतंत्र घटना केली. १८५९ च्या ऑक्टोबरांत पुन्हां त्याच सेपेदाच्या रानांत लढाई होऊन ब्वेनोस आयरेस हरलें, आणि नोव्हेंबरांतील तहानें तें संघांत येण्यास कबूल झालें. अट एवढीच कीं, घटना तपासून दुरुस्त्या सुचविण्याचा त्यास अधिकार असावा. त्या दुरुस्त्यांत घटनेच्या मजकुरांतील ‘संघ’ हा शब्द ठिकठिकाणीं जाऊन ‘राष्ट्र’ आला, आणि ३५ वें कलम घातलें गेलें.

आतां कलमाकडे पुन्हां पाहिलें म्हणजे त्याचें खरें रूप दिसतें. तें नामसूची नसून तहनामा आहे. ‘संघ’ हें पराना येथील सरकारचें नांव, ‘प्रजासत्ताक’ हें जुन्या एकतावाद्यांचें, आणि ‘संयुक्त प्रांत’ हें मे महिन्याच्या क्रांतीचें, ज्याविषयीं ब्वेनोस आयरेसला अभिमान होता. तिघांचाही मान राहिला. चौथें ‘राष्ट्र’ हें कोणाच्याच पक्षाचें नसल्यामुळें तें कायद्याच्या मथळ्यावर बसविलें. ‘दक्षिण अमेरिकेंतील संयुक्त प्रांत’ या नांवाची बाजू घेणारा मात्र त्या खोलींत कोणीच उरला नव्हता. ज्या उत्तरेकडील प्रांतांसाठीं तें नांव रुंद केलें होतें ते १८२५ सालीं बोलिव्हिया झाले होते. तहांत ज्याचा वकील नाहीं त्याचा हक्क बुडतो, तसें झालें. यांत दुरुस्तीकारांस दोष द्यावा असें मला वाटत नाहीं. तह म्हणून त्यांचें काम चोख आहे. दोष आहे तो तहनाम्यास बखर समजून उतरून घेणाऱ्यांचा.

विकल्पही व्यवहारांत फार दिवस टिकला नाहीं. त्याच वर्षीं ८ ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष सांतियागो देर्की यानें पराना येथून हुकूम काढला कीं, कारभाराच्या कागदांत एकसारखेपणा असावा म्हणून सर्वत्र ‘अर्जेंटिना प्रजासत्ताक’ हेंच नांव लिहावें. टपालाच्या तिकिटांवर हा बदल डोळ्यांनीं पाहतां येतो: १८५८ च्या तिकिटांवर संघ आहे, १८६२ च्या तिकिटांवर प्रजासत्ताक. तरी कायदे आजही ‘अर्जेंटिना राष्ट्रा’च्या सभागृहांच्या नांवेंच संमत होतात, म्हणजे व्यवस्थितविभाषेचा भाग शाबूत आहे.

एक व्याकरणाची बाब राहिली. स्पॅनिश भाषेंत प्रजासत्ताक, संघ व राष्ट्र या तिन्ही अर्थांचे शब्द स्त्रीलिंगी आहेत. त्यामुळें विशेष्य तीनदां बदललें तरी विशेषणाचें रूप ‘अर्जेंटिना’ असेंच राहिलें. याऐवजीं ‘राज्य’ या अर्थाचा पुल्लिंगी शब्द घेतला असता तर ‘अर्जेंटिनो’ म्हणावें लागलें असतें, आणि जगाच्या नकाशावर आज कदाचित् तें रूप असतें. आपण ज्यास देशाचें नांव म्हणतों तें वस्तुतः विशेष्य गळून पडलेलें स्त्रीलिंगी विशेषण आहे. ‘शाकुंतल’ म्हटलें कीं ‘नाटक’ अध्याहृत असतें, त्याच जातीचें. इंग्रजींत पूर्वी ‘दि अर्जेंटाइन’ असें विशेषणच उपपदासह लिहीत, त्यांत हा अध्याहार अजून जाणवे. मराठींत तो मुळींच जाणवत नाहीं, म्हणून आपण निःशंकपणें ‘अर्जेंटिना हा देश’ असें पुल्लिंगांत बोलतों, आणि या लेखांतही तसेंच लिहिलें आहे.

पाठ्यपुस्तकें नव्यानें छापली जातात तेव्हां पहिल्या विधानाच्या जागीं इतकें लिहिलें तरी चालेल: दुसऱ्याच्या डोंगरांतील चांदीच्या आशेनें नदीस नांव पडलें, आणि नदीच्या नांवाचें लॅटिन भाषांतर होऊन देशास. दुसऱ्या विधानांत १८१६ हें साल तसेंच ठेवून ‘अर्जेंटिना’ या शब्दाऐवजीं ‘दक्षिण अमेरिकेंतील संयुक्त प्रांत’ असें घालावें; मुलांना पाठ करण्यास तें लांब पडेल, हें मी अनुभवानें जाणतों.